काथ्याकूट: सहीची आणि डिक्रिप्शनची किल्ली स्मार्ट कार्डावरच हवी का?

टर्मिनलकर
मत आधीच मांडून टाकतो. गिटच्या कमिटवर (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर) रोज डिजिटल सही करणाऱ्या किंवा जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रॅमने कुलूपबंद फाइली उघडणाऱ्या (डिक्रिप्शन) माणसाने त्यासाठी लागणारी गुप्त, म्हणजे खाजगी किल्ली होम डिरेक्टरीत ठेवू नये. ओपनपीजीपी कार्ड, म्हणजे किल्ली आतच ठेवणारं चिपचं कार्ड, घ्यावं, नाहीतर तेच काम करणारं यूएसबी टोकन.

फाइलीतल्या किल्लीची नक्कल निघते आणि निघाल्याचा पत्ताही लागत नाही. जुना बॅकअप किंवा एखाद्या पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट, एवढं पुरतं. किल्लीला पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) आहे म्हणाल, तर नक्कल नेणारा घरी बसून हवे तितके अंदाज लावू शकतो. कार्डाचा पिन ३ वेळा चुकला की कार्ड तो पिन घेणंच बंद करतं. सही, डिक्रिप्शन, ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं) अशा ३ किल्ल्या त्यावर बसतात आणि कमांड नेहमीच्याच राहतात. मात्र १२३४५६ आणि १२३४५६७८ हे मूळचे पिन पहिल्याच दिवशी बदला. अनेक जण तेवढंच विसरतात!

शंकासुर
असहमत. कार्डामुळे किल्ली वाचते, मजकूर वाचत नाही. डिक्रिप्शनसाठी एकदा पिन दिला की कार्ड काढेपर्यंत किंवा रीसेट होईपर्यंत ते उघडंच राहतं. जीपीजी-एजंटच्या (पासफ्रेज काही काळ लक्षात ठेवणाऱ्या जीपीजीच्या मदतनीस प्रोग्रॅमच्या) कॅशची मुदत कमी केल्याने काही फरक पडत नाही. तेवढ्यात मशीनमध्ये घुसलेला प्रोग्रॅम तुमच्या सगळ्या जुन्या फाइली एकेक करून कार्डापुढे ठेवू शकतो. शिवाय कार्ड फक्त सेशन किल्ली (त्या एका फाइलीपुरती बनवलेली किल्ली) सोडवून देतं. पूर्ण मजकूर उलगडतो तो संगणकाच्या मेमरीत, म्हणजे चोर बसलाय तिथेच.

सहीचंही तेच. दर सहीला पिन मागायची सोय आहे, मान्य. पण कार्डाला दिसतो फक्त हॅश (मजकुराचा छोटा आकडी ठसा), आणि त्याला पडदा नाही. सावकारापुढे न वाचता अंगठा उठवणाऱ्या कुळासारखी गत.

टर्मिनलकर
@शंकासुर, मशीनच फुटलं असेल तर फाइलीतली किल्ली आणखी लवकर जाते, त्याचं काय? कार्ड उपसून काढलं की गैरवापर थांबतो. नक्कल गेली असेल तर तो कधीच थांबत नाही. बऱ्याच टोकनांवर दर वेळी बोट लावायची सक्ती करता येते, मग तुमचा 'एकेक फाइल' हल्ला तिथेच अडतो. आणि कार्डात सह्यांचा मोजणी-आकडा असतो. कार्ड-स्टेटस बघा, आपण केल्या त्याहून जास्त सह्या दिसल्या तर काय ते समजा.

शंकासुर
तो आकडा लक्षात ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. बोटाचा मुद्दा मात्र रास्त आहे.

जपूनजपून
तुम्ही दोघं चोरावर भांडताय, मला हरवण्याची भीती जास्त वाटते. सहीची किल्ली हरवली तर ती रद्द करा, नवी काढा. जुन्या सह्या सार्वजनिक किल्लीने तपासता येतातच. डिक्रिप्शनची किल्ली गेली तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार कायमचा बंद. 'कीटूकार्ड' (किल्ली कार्डावर हलवायची कमांड) करून सेव्ह केलं की डिस्कवर उरतो तो नुसता निर्देश, किल्ली नव्हे. माणसं त्या निर्देशाचाच बॅकअप घेतात आणि निर्धास्त होतात. म्हणून सही कार्डावर, बेलाशक. डिक्रिप्शनची किल्ली कार्डावर ठेवायची तर आधी तिची प्रत ऑफलाइन ठेवा. कार्डावरच किल्ल्या तयार करताना जीपीजी या एका किल्लीसाठी बाहेरच्या बॅकअपचं विचारतं, तिथे 'नाही' म्हणू नका.

टर्मिनलकर
म्हणजे शेवटी फाइल आलीच की! कपाटातल्या पेन ड्राइव्हवर का असेना.

जपूनजपून
कपाटातला ड्राइव्ह रोज इंटरनेटला जोडलेला नसतो.

चिपचिकित्सक
शिवाय चिपवर डोळे मिटून भरवसा का ठेवायचा? २०१७चं रोका प्रकरण आठवा. इन्फिनिऑन या चिप कंपनीच्या लायब्ररीने चिपवर बनवलेल्या आरएसए पद्धतीच्या किल्ल्या कच्च्या निघाल्या आणि एस्टोनियाची सुमारे ७.५ लाख ओळखपत्रं त्यात सापडली. किल्ली बाहेर बनवून अशा चिपवर चढवणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही. २०२४मध्ये युकलीक आलं, म्हणजे इन्फिनिऑनच्याच चिपमधून किल्ली काढायचा हल्ला. त्यात कार्ड हल्लेखोराच्या हातात पडावं लागतं, उपकरणंही महाग, म्हणून तो धोका मी कमी मानतो. पण युबिकी या टोकनाचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलता येत नाही. दोष निघाला की नवं टोकन घ्यायचं.

शंकासुर
+१. आणि फक्त कमिटवर सही करायची असेल तर जीपीजीचा खटाटोप हवाच कशाला? ओपनएसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीचं सॉफ्टवेअर) ८.२पासून टोकनवर बेतलेल्या एसएसएच किल्ल्या आहेत, गिट २.३४पासून एसएसएच किल्लीने सही चालते. पीसीएससीडी (सिस्टिमचा कार्ड वाचणारा प्रोग्रॅम) आणि एससीडीमन (जीपीजीचा तसाच प्रोग्रॅम) यांची एकाच रीडरवरून जुंपते, ती कटकटही वाचते.

टर्मिनलकर
सहीपुरतं चालेल. पण त्या किल्लीने डिक्रिप्शन होत नाही, आणि मला दोन्ही लागतं. भांडणावर उपाय आहे: एससीडीमनच्या कॉन्फिगमध्ये 'डिसेबल-सीसीआयडी' लिहा, तो गुपचूप पीसीएससीडीमार्फत जातो.

नवखा_०७
एक शंका. एकच किल्ली दोन कार्डांवर चढवली तर हरवण्याचा प्रश्न सुटत नाही का?

जपूनजपून
बराचसा सुटतो. मात्र चढवताना पहिल्या कार्डानंतर सेव्ह न करता बाहेर पडा, नाहीतर दुसऱ्यासाठी किल्ली उरणार नाही. आणि डिस्कवरच्या त्या निर्देशात कार्डाचा अनुक्रमांक असतो. दुसरं कार्ड घातलं तर जीपीजी, निदान जुन्या आवृत्त्यांत, पहिलंच मागत बसतं. तेव्हा एजंटला 'लर्न --फोर्स' सांगायचं. आणि हे दुसरं कार्ड लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.