शब्द वाचायला लावले, तिथंच घोळ झाला

सर, लातूरच्या प्रदर्शनासाठी केलेल्या तुमच्या रंगांच्या नावांच्या दोन्ही तक्त्यांना, एक काळ्या शाईतला आणि एक भलत्याच रंगाच्या शाईतला, मुलांना सारखाच वेळ लागला, कारण तुम्ही त्यांना शब्द वाचायला सांगितलं. वाचताना शाईचा रंग फारसा आड येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूपच्या १९३५ च्या प्रयोगात रंगांच्या नावांचे १०० शब्द नुसते वाचायला काळ्या शाईत सरासरी ४१ सेकंद लागले, भलत्या रंगात ४३.३. पण शाईचा रंग सांगायचा म्हटल्यावर नुसत्या रंगीत चौकोनांना ६३.३ आणि भलत्या रंगात छापलेल्या शब्दांना ११०.३ सेकंद!

तेव्हा मुलांना शब्द नाही, रंग सांगायला लावा: एका तक्त्यावर रंगीत चौकोन, दुसऱ्यावर निळ्या शाईत ‘हिरवा’ अशी जोडी, प्रत्येकी ४० पुरे. रंग चारच: लाल, निळा, हिरवा, काळा. पिवळा घेऊ नका. पांढऱ्या कागदावर तो नीट दिसत नाही, मग पोरगं शब्दामुळं अडखळलं की डोळ्यामुळं, कळायचं कसं? ‘लाल’ म्हणायचं की ‘तांबडा’, हेही आधीच ठरवून घ्या. चौकोनांऐवजी साधे शब्द घेणार असाल तर ‘हळद’, ‘कुंकू’ टाळा, रंगाची आठवण देणारे शब्दही थोडे नडतातच.

निम्म्या मुलांना आधी चौकोन, निम्म्यांना आधी शब्द. चुकलं तर दुरुस्त करूनच पुढं जाऊ द्या. डोळे बारीक करून अक्षरं पुसट करणाऱ्या हुशारांवर मात्र नजर ठेवा. उर्दू माध्यमाची मुलं असतील तर तक्ता उर्दूत करा. देवनागरी सराईतपणे वाचता येत नसेल तर शब्दाचा अर्थ तितका आडवा येणार नाही.