पियानोचं लाकडी सामान विकायचंय, गिऱ्हाईक कसं गाठायचं?

सागवान_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप आहे. सागवान आणि शिसवीत पियानोच्या चाकांखालचे कप (चाक बसतं त्या खोलगट लाकडी चकत्या), मुलांसाठी पाय टेकायची स्टुलं आणि नोटेशनचे स्टँड बनवतो. 'हँडमेड' म्हणून इन्स्टाग्रामवर फोटो टाकतो, लाइक भरपूर येतात, ऑर्डर येत नाही. कपांचा सेट तीनचा ठेवावा की चारचा, तेही ठरत नाही. आपल्या भागात पियानो असे कितीसे, गिऱ्हाईक शोधायचं कुठं?

सूरजुळणी:
'हँडमेड' शेवटच्या ओळीत टाका. पियानोवाल्याला धास्ती असते ती वाद्यावर चरा पडायची आणि फरशी खराब व्हायची. त्याला आधी माप पाहिजे.

अपराइटला (भिंतीलगतचा उभा पियानो) चार चाकं, ग्रँडला (मोठा आडवा पियानो) तीन पाय, प्रत्येकाखाली एक चाक. म्हणून दोन्ही सेट वेगळे ठेवा. वर्णनात खोबणीचा आतला व्यास, खोली आणि तळाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. चाक खोबणीत पूर्ण उतरलं पाहिजे. काठावर बसलं तर सगळा भार काठावर येतो आणि कप फुटतो. ग्रँडची चाकं मोठी असतात, शिवाय कंपनीगणिक बदलतात. तेव्हा चाकाशेजारी पट्टी धरून काढलेला फोटो आल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

३०० किलोचा ग्रँड म्हणजे एका कपावर साधारण १०० किलो. एकाच फळीतून लेथवर काढलेला कप लाकडाच्या रेषेत चिरू शकतो. दोन पातळ, नीट वाळलेल्या फळ्या रेषा एकमेकींना आडव्या ठेवून चिकटवा, मग लेथवर घ्या. खोबणीखाली किमान १२ मिमी लाकूड राहू द्या. असा एक कप मधोमध कापून त्याचा फोटो सगळ्यात आधी लावा. माल का टिकतो ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं, पॉलिशची चकाकी ते सांगू शकत नाही.

आणि 'आवाज सुधारतो' असं कुठंही लिहू नका. कप फरशी वाचवतो, भार पसरवतो आणि चाक जागेवर धरतो. तेवढं खरं आहे, तेवढं पुरे.

मिरजवेस:
गिऱ्हाइकाच्या आधी ट्यूनर, म्हणजे पियानोचे सूर जुळवणारा, गाठा. नियमित वाजणारा पियानो वर्षातून दोनदा ट्यून करावा असं सांगतात, म्हणजे ट्यूनर त्या घरात जातोच. पुण्या-मुंबईच्या ट्यूनरांना एकेक नमुना सेट द्या, विक्रीवर कमिशन ठरवा. शिवाय कप बसवायला पियानो उचलावा लागतो, ते घरच्यांनी एकट्याने करायचं काम नव्हे. 'जाणकार माणूस बोलवूनच बसवा' अशी चिठ्ठी डब्यात हवीच.

जवळचं म्हणाल तर पाचगणीच्या निवासी शाळा. जिथं पियानो शिकवतात तिथं कपांआधी पायस्टूल दाखवा. शिकवणाऱ्यांना त्याची गरज लगेच पटते, कारण लहान पोरांचे पाय लोंबकळले की पाठ वाकते. उंचीचा हिशोब सोपा आहे: बैठकीच्या उंचीतून मुलाच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं अंतर वजा करा. बैठक ५० सेंमी आणि पाय ३४ सेंमी, तर स्टूल १६ सेंमी. मूल वाढत जातं तसं स्टूल खाली यायला हवं, म्हणून फळी तीन खाचांत बसेल असं बनवा. जाहिरातीत हाच हिशोब द्या.

एक गोष्ट सांभाळा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते त्या वाद्यांपुरतं आहे. पियानोच्या सामानावर ते नाव वापरू नका.

सागवान_सांगली:
खूप उपयोगी, धन्यवाद. टाइल्सवर घसरू नये म्हणून कपांना रबर लावतो, स्टँडच्या पायांनाही. चालेल ना?

सूरजुळणी:
स्टँड पियानोवर ठेवायचा असेल तर मुळीच नको. रबरातलं आणि मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं, मग तो डाग पुसून जात नाही. काही दगडी फरश्यांवरही रबराचा डाग पडतो. दोन्हीकडे ३ मिमी लोकरी फेल्ट लावा, फिक्या रंगाचं; गडद रंग ओल लागली की उतरतो. चिकटवताना गोंद लाकडावर पातळ ओढा. जाड थर फेल्टमध्ये शोषला जातो, वाळून कडक होतो आणि तोच पुढे चरे पाडतो.

कुरिअरवाला_कराड:
दर ठरवताना डब्याचं माप धरा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी × रुंदी × उंची सेंमीत घेऊन ५००० ने भागतात. ४० × ४० × १५ चा डबा ४.८ किलो धरला जातो, आत माल दोन किलोचा असला तरी. कप एकावर एक रचा, मधे कागद घाला.

परदेशी ऑर्डर आली तर सागवान सोपं. शिसवी ज्यात येते ती डालबर्जिया प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. तयार वाद्यं आणि त्यांच्या सामानाला २०१९ मध्ये सूट मिळाली, पण चाकाखालचा कप 'वाद्याचं सामान' धरतात का, हे माल बांधण्याआधी कस्टम एजंटकडून लेखी घ्या.