मदत हवी आहे: अमेरिकेतली ‘पीए-सी’ (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट) म्हणजे नक्की कोण?
नमस्कार मंडळी, आई सध्या ताईकडे न्यू जर्सीला आहे, गुडघा सुजला म्हणून अपॉइंटमेंट घेतली तर डॉक्टर नाहीच, कोटावर नावापुढे पीए-सी लिहिलेली एक मुलगी आली, तिनेच गुडघा दाबून वाकवून बघितला आणि गोळ्यापण लिहून दिल्या. आता आई रोज दादरला फोन करून विचारते, ‘अरे, ती कंपाउंडर तर नव्हती ना?’ 😄 शोधलं तर कळलं की पीएंची पॅन्स नावाची राष्ट्रीय परीक्षा पास झाली की एनसीसीपीए ही तिकडची संस्था सर्टिफाय करते, म्हणून तो सी, आणि राज्याचं लायसन्स वेगळं. तिचा 10 आकडी एनपीआय नंबर (तिकडे डॉक्टर, पीए वगैरेंना मिळणारा ओळख क्रमांक) मिळाला, पण त्यावरून लायसन्स चालू आहे का ते कळत नाही. तिकडे काम करणारं कोणी आहे का इथे? ते कुठे बघायचं? आणि ऑर्थोत किती वर्षं आहे हे सरळ तिलाच विचारलं तर चालतं का?