मदत हवी आहे: दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस, नातं तोडावं का?

दीड वर्ष झालं आम्ही सोबत आहोत, आता लग्नाचं बोलायची वेळ आली तर त्याने स्वतःहून सांगितलं की 6 वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला, दंड झाला, लायसन्स काही महिने सस्पेंड. कोणाला लागलं नाही नशिबाने. सांगताना हातातली किल्ली नुसती फिरवत होता.

खरं बोलला याचं मला खरंच कौतुक आहे, पण गेल्याच महिन्यात दोन बिअर घेऊन म्हणाला कॉफी पितो मग निघू, अरे कॉफीने झोप उडते, रक्तातली दारू नाही उतरत! मी किल्ली मागितली, मुकाट्याने दिली. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. जुनी चूक माफ करेन, पण ही सवयच असेल तर? कोणी यातून गेलंय का, त्याला नक्की काय विचारू?