प्रतिसाद: भीमकुंड पाहिलं म्हणजे मेळघाट संपत नाही

वर कोणीतरी लिहिलंय, पावसाळ्यात चिखलदऱ्याला जा, भीमकुंडाची दरी अन् धबधबा पाहा, झाल्या मेळघाटच्या दऱ्या पाहून. अहो, ऑगस्टात तिथं धुकंच दिसते! आम्ही दोनदा कठड्याला टेकून नुसता पाण्याचा आवाज ऐकून आलो. भजी मात्र झकास होती.

दऱ्या पाहायच्या तर नोव्हेंबरात परतवाडा-धारणी रस्ता धरा. घटांग सोडलं की उतार लागतो अन् सेमाडोहजवळ सिपना नदी भेटते. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग, अन् काठावर तोच उभा. खंडू, खापरा, गाडगा, डोलार याही इथल्याच नद्या, साऱ्या तापीच्या लेकी. गंमत म्हणजे गाविलगड डोंगररांगेच्या दक्षिण उताराचं पाणी पूर्णेला जाते, पण पूर्णाही शेवटी चांगदेवला तापीतच!

कोलकासला सिपनेचं वळण वरून पाहा. काळ्या बेसाल्ट खडकात पाण्यानं घासून केलेल्या वाट्या, तळाशी कुजका सागपाला, वर निवळशंख पाणी. उन्हाळ्यात धार तुटते, डोह तेवढे राहतात, मग सारं जंगल तिथंच येते. म्हणून पायी खाली उतरायची हौस नको. व्याघ्र प्रकल्प आहे बाप्पा, १९७४ पासूनचा.