अनुभव धागा : वही कुठे ठेवता?

आर्वीकडच्या एका शाळेत शिकवते. जाऊन-येऊन एसटीत रोज दोन तास जातात. मागच्या वर्षी डोकं इतकं दुखायला लागलं की चष्म्याचा नंबर तपासून आले. नंबर तोच! मग जुन्या टाचणवहीच्या कोऱ्या पानांवर रोज दोन ओळी लिहायला लागले : किती वाजता जेवले, किती झोपले, राग कशाचा आला. एसटीच्या धक्क्यांनी अक्षर वाकडंतिकडं. तीन आठवड्यांनी चाळून पाहिलं तर दुखण्याच्या बहुतेक दिवशी डबा भरलेलाच घरी आला होता. पाणीही नावाला. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून मी तहान मारत होते, हे लिहितानाच कबूल झालं.

मैत्रिणींनो, तुमची कोणती सवय टिकली? मोडलेलीही सांगा.

आशाताई, दर्यापूर तालुका
आमचा खारपाणपट्टा, बोरचं पानी तोंडात घेववत नाही. गावभर बायांले लोहाच्या गोळ्या वाटतो अन् माहं हिमोग्लोबिन निंघालं ९.४! बारा तरी पाह्यजे. नर्सबाईनं इचारलं, गोळी कायसंग घेतं? म्हटलं, चहासंग. तिनं कपाळावर हात मारला. चहानं लोह अंगी लागत नाही हे मीच घरोघरी सांगतो ना! आता निंबूपाण्यासंग घेतो अन् कॅलेंडरवर लाल टिपका देतो. मीटिंगच्या दिवशी टिपका हमखास नसतो.

बँकेतली, चंद्रपूर जिल्हा
आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे चालणं पहाटे साडेपाचलाच. पहिल्या आठवड्यात चार जणांनी विचारलं, "मॅडम, गाडी बंद पडली का?" आता अंगणवाडीच्या दोघी सोबत असतात. तिघी दिसलो की कोणी विचारत नाही. पावलं मोजणारं अॅप मात्र काढून टाकलं, ते साहेबांसारखं टोचायचं.

गुरांची डॉक्टर, यवतमाळ
लिहिण्याचं मला विचारूच नका. लग्नानंतर डायरी उशीखाली ठेवायचे. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यांनी ती तिसरीतल्या पुतणीकडून वाचून घेतली. सगळं घर जेवायला बसलेलं. पोरीनं मोठ्यानं वाचलं, "आज आईंशी बोलायची इ... इच्छा नाही." 'इच्छा'वर अडखळली म्हणून तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. कोणी काही बोललं नाही. भाजी वाढायची माझीच पाळी होती.

सात वर्षं काही लिहिलं नाही. आता दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिते, माणसांना गाईंची नावं देऊन. "ढवळीनं आज लाथ मारली. कपिला चारा खात नाही, विचारलं पाहिजे." आईंना वाटतं मी पेशंटचं लिहिते. वही उघडी टाकून खुशाल अंघोळीला जाते.

मानसशास्त्र शिकवते, वाशीम
ढवळीवाल्या ताई, तुमची युक्ती वर्गात सांगणार आहे! एक सांगते, लिहिलं की लगेच हलकं वाटेल असं धरून चालू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी मनाला लागलेलं रोज १५ मिनिटं, असं चार दिवस लिहिलं. लिहिल्या लिहिल्या त्यांचं मन जडच झालं होतं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. मी रात्री लिहायचे आणि मग छताकडे बघत पडायचे, म्हणून ऑफ तासाला लिहिते. पण झोप-भूक दोन-दोन आठवडे उडाली असेल तर वहीवर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

ग्रामसेविका, भंडाऱ्याकडची
लिहिणं जमलं नाही. धान रोवणीच्या दिवसांत तर हात पेन धरायलाही तयार नसतात. फोनमध्ये बोलून ठेवते, महिन्यानं ऐकते. निम्म्या वेळा मी नुसती जांभया देत असते.

आशाताई, दर्यापूर तालुका
ढवळी कोन ते मले समजलं वो डॉक्टरीनबाई! माह्या घरी बी हाये एक. नाव कायचं देऊ?

गुरांची डॉक्टर, यवतमाळ
म्हशीचं द्या. गाईंची माझ्याकडे संपली.