राष्ट्रगीताला गुडघा टेकला म्हणून वर्षभर बंदी : बरोबर की चूक?

माडबनातला अण्णा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, बंदीच्या कागदावर माझीही सही आहे. तेव्हा मी तटस्थ वगैरे नाही.

आमच्या गावची (मालवणच्या दक्षिणेला, एवढं पुरे) प्रकाशझोतातली कबड्डी स्पर्धा 26 जानेवारीच्या संध्याकाळी सुरू होते. यंदा उद्घाटनाला सगळे संघ मैदानात उभे, निवेदकाने 'सावधान' म्हटलं, राष्ट्रगीत लागलं आणि खालच्या वाडीच्या संघाचा मुख्य चढाईपटू एक गुडघा मातीत टेकून, मान खाली घालून बसला. बाकीचे सहा जण दंडाला काळ्या फिती लावून उभे. घोषणा नाही, आवाज नाही. राष्ट्रगीत संपलं, तो उठला, गुडघ्याची माती झटकली आणि पहिल्याच सामन्यात 12 गुण घेतले.

कारण अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे. रात्री एलईडी दिव्यांनी मासळी खेचून केलेली मासेमारी. केंद्राची बंदी 2017 पासून आहे, 2021 मध्ये राज्याने कायदा बदलून दंड वाढवले, तरी अंधार पडला की समुद्रात जत्रा भरल्यासारखे दिवे दिसतात. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांच्या जाळ्यात मग काय येणार, पाणी.

कोणीतरी 8 सेकंदांचा व्हिडिओ फिरवला. मुलगा मुंबईच्या एका कंपनीच्या संघातून पगारावर खेळतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी तो व्हिडिओ साहेबांच्या मोबाइलवर. आमची कमिटी तर त्याच रात्री अकराला बसली होती. संघावर एक वर्ष बंदी.

माझं मत : अपमान नव्हता, पण चूक होती. तीन आठवडे गाव राष्ट्रगीतावरून भांडतंय, एलईडीचं नाव कोणी काढत नाही. अमेरिकेत फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निकचं हेच झालं. 2016 मध्ये तो पोलिसांच्या हातून मरणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी राष्ट्रगीताला बसला, आणि पुढच्या वर्षी सगळा देश झेंड्यावरून हमरीतुमरीवर आला. पोलीस राहिले बाजूला. बोला.

निवृत्त नौसैनिक

अण्णा, सही केलीत ते बरं केलंत, आता कच खाऊ नका.

15 वर्षं जहाजावर काढली. बंदरात असलो की सकाळी आठला 'कलर्स'. झेंडा चढताना हातातलं काम टाकून जागच्या जागी उभं राहायचं. रजा नाकारली म्हणून धुमसणारा, घरची वाईट बातमी कालच कळलेला, सगळे उभे. तक्रारी आम्हालाही होत्या, भरपूर होत्या. पण तेवढा वेळ तक्रारीचा नव्हता.

आणि हे गुडघा टेकणं आलं कुठून? आपण देवापुढे दंडवत घालतो, थोरांपुढे वाकतो. मराठीत 'गुडघे टेकले' कोणासाठी म्हणतात? हरलेल्यासाठी. शत्रूने गुडघे टेकले म्हणतो आपण. मग या पोराने नेमकं काय सांगितलं, मी हरलो? टीव्हीवर बघून उचललेली नक्कल आहे ही.

खाडीपलीकडची

काका, नक्कल असेल, पण ज्याची नक्कल केली त्याची गोष्ट पूर्ण ऐका. कॅपर्निक आधी बाकावर नुसता बसून राहायचा. ते पाहून नेट बॉयर नावाच्या माणसाला राग आला. बॉयर अमेरिकी सैन्याच्या विशेष दलात होता, नंतर काही काळ फुटबॉलही खेळला. त्याने जाहीर पत्र लिहिलं, दोघं भेटले, आणि बॉयरनेच सुचवलं की बसू नकोस, सहकाऱ्यांच्या बाजूला एक गुडघा टेक. सैनिक पडलेल्या साथीदाराच्या थडग्यापाशी असंच टेकतात. 1 सप्टेंबर 2016 ला सॅन डिएगोच्या सामन्याआधी तो पहिल्यांदा टेकला तेव्हा बॉयर त्याच्या शेजारी उभा होता, छातीवर हात ठेवून. म्हणजे तो गुडघा एका फौजीच्या सल्ल्याने आला. तुमच्याच बिरादरीतला म्हणायचा.

नक्कल म्हणाल तर आपल्या क्रिकेट संघानेही केली. 24 ऑक्टोबर 2021, दुबई, पाकिस्तानविरुद्धचा सामना. पहिल्या चेंडूआधी सगळे भारतीय खेळाडू गुडघ्यावर होते. तेव्हा कोणी बंदी मागितली नाही.

निवृत्त नौसैनिक

राष्ट्रगीत आटोपल्यावर टेकले होते ते, मधे नाही. फरक तिथेच आहे ताई. आणि त्यांचा निषेध दुसऱ्या देशातल्या अन्यायाबद्दल होता, त्यात आपल्याला काही तोशीस नव्हती. (सामना 10 गड्यांनी हरलो तो वेगळा.)

तुमच्या त्या कॅपर्निकने सरावाला पोलिसाची टोपी घातलेली डुकरं काढलेले मोजे घातले होते, तेही सांगा की. फौजीचा सल्ला घेणारा माणूस पोलिसाला डुक्कर दाखवतो?

खाडीपलीकडची

मोजे वाईटच होते, त्याची बाजू घेणार नाही. पण 'तोशीस नव्हती म्हणून चाललं' हे तुम्हीच म्हणालात. दुसऱ्याच्या घरातला अन्याय दाखवायला गुडघा चालतो, आपल्या घरातला दाखवायला नाही.

चाकरमानी, डोंबिवली

खेळाडूने खेळावं. राजकारण करायचं तर निवडणुकीला उभं राहावं. विषय संपला.

पाटी-पेन्सिल

उभे राहिले होते की हो. बाळू पालवणकर, 1937, आणि तेही बाबासाहेबांच्या विरोधात. पडले.

थट्टा राहू दे, पण आडनाव बघा. माणूस धारवाडचा, मूळ आपल्याकडचं. त्या काळचा देशातला सर्वांत भारी डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि पुण्यात चहा मिळायचा तो मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मैदानात चेंडू चालायचा, हाताने दिलेला पेला नाही. 1920 च्या चौरंगी सामन्यांत (हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपीय संघांच्या) जातीमुळे डावललं जातंय म्हणून त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम सरळ संघाबाहेर पडले. 1923 मध्ये तोच विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. 'खेळाडूने खेळावं' हा सल्ला त्यांनी ऐकला असता तर?

माडबनातला अण्णा

गुरुजी, उदाहरण फक्कड, पण ते माझ्या बाजूने जातं. पालवणकर बंधूंनी खेळायला नकार दिला. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांचाच खेळ अडवला, बाण नेमका लागला. खालच्या वाडीने आमच्या स्पर्धेवर बहिष्कार घातला असता तर मी स्वतः व्यासपीठावरून त्याचं कारण वाचून दाखवलं असतं. राष्ट्रगीताने त्यांचे बांगडे नेले का?

वकीलताई, कुडाळ

कायद्याचं कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. वर एकाने 'गुन्हा दाखल करा' लिहून नंतर खोडलंय, ते मी वाचलं होतं.

राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा 1971 चा. कलम 3 असं सांगतं की जो कोणी जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्याला प्रतिबंध करील किंवा ते गाणाऱ्या जमावात अडथळा आणील त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रतिबंध आणि अडथळा हे शब्द नीट वाचा. न गाणं त्यात नाही. 1986 च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधली तीन भावंडं होती, यहोवाचे साक्षीदार पंथाची. शाळेत राष्ट्रगीताला रोज उभी राहायची, पण धर्मामुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

आता काकांच्या बाजूचं. ती मुलं उभी राहत होती, आणि न्यायालयाने त्याची आवर्जून नोंद घेतली. राष्ट्रगीताचा आदर हे अनुच्छेद 51-क मधलं मूलभूत कर्तव्यही आहे. त्यामुळे गुडघ्याला त्या निकालाचं पूर्ण कवच मिळेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मुलाने गाणं थांबवलं नाही, कोणाला अडवलं नाही. कलम 3 लावायला मला तरी जागा दिसत नाही.

सिनेमागृहांचं आठवतंय ना? 30 नोव्हेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रगीत सक्तीचं केलं, 9 जानेवारी 2018 ला ती सक्ती स्वतःच काढली. मधल्या काळात न उठणाऱ्यांना लोकांनी चोप दिला.

राहिला तुमचा ठराव. अण्णा, स्पर्धेच्या नियमावलीत असा नियम होता का? की रात्री अकराला जन्मला?

माडबनातला अण्णा

अकराला जन्मला. खोटं कशाला बोलू.

उजवा कोपरा

मी पण पगारी खेळाडू आहे, कुठे ते विचारू नका. दोन गोष्टी.

एक. राष्ट्रगीत आणि पैशाचा खेळ यांची सोयरीक वाटते तितकी सोवळी नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये 2009 पर्यंत रात्रीच्या मोठ्या सामन्यांना खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी ड्रेसिंग रूममध्येच असायचे. 2015 मध्ये तिथल्या दोन सिनेटरांच्या अहवालात बाहेर आलं की सामन्यांतले सैनिकांचे सत्कार, मोठाले झेंडे, यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी संरक्षण खात्याने संघांना पैसे मोजले होते. असे 68 लाख डॉलर सापडले. म्हणजे कोणी पैसे घेऊन देशभक्ती दाखवतो तो चालतो, आणि जो फुकट टेकतो त्याची नोकरी जाते. आपल्या प्रो कबड्डीतही राष्ट्रगीत होतं, पाहुणे गायला येतात. मला ते आवडतं, अंगावर काटा येतो. पण लगेच पुढे जाहिरात लागते हेही खरं.

दोन. किंमत. कॅपर्निकने आपल्या संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे तिथल्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेलं. 2016 च्या हंगामानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही, तेव्हा तो तिशीलाही पोचला नव्हता. सगळ्यांनी संगनमत करून डावललं अशी तक्रार त्याने केली, 2019 मध्ये तडजोड झाली, मैदान परत मिळालं नाही. लीगचा प्रमुख रॉजर गुडेल 2020 च्या जूनमध्ये म्हणाला की खेळाडूंचं आधी ऐकायला हवं होतं, आमचं चुकलं. चार वर्षांनी. चढाईपटूची चार वर्षं म्हणजे काय ते ज्याचा गुडघा एकदा फिरलाय त्याला विचारा.

निवृत्त नौसैनिक

किंमत मोजली म्हणून कृती बरोबर ठरते का? चोरही किंमत मोजतो.

पाटी-पेन्सिल

चोर लपतो काका. हा 26 जानेवारीला अख्ख्या गावासमोर ट्यूबलाइटखाली बसला.

आणि शेजारी उभं राहण्याचीही किंमत असते. 1968, मेक्सिको, 200 मीटर. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी पदक घेताना, अमेरिकेचं राष्ट्रगीत चालू असताना, काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर केल्या. दोघांना ऑलिंपिकमधून घरी धाडलं. तिसरा, रौप्यपदकवाला पीटर नॉर्मन, गोरा ऑस्ट्रेलियन. त्याने मूठ उगारली नाही, फक्त त्यांच्यासारखाच बिल्ला छातीला लावला. पुढे मायदेशात त्याची उपेक्षाच झाली. 2006 मध्ये तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस दोघं ऑस्ट्रेलियाला गेले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने माफी मागितली 2012 मध्ये. काळ्या फिती लावून उभे राहिलेले ते सहा जण मला नॉर्मनसारखे वाटतात, आणि तुमच्या कमिटीने त्यांनाही बंदी घातलीय.

चाकरमानी, डोंबिवली

विषय संपला म्हटलं होतं, पण एक राहिलं. 2023 मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया हे कुस्तीगीर जंतर मंतरवर बसले. राष्ट्रगीताला हात लावला नाही, उलट तिरंगा खांद्यावर घेतला. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावर गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्रही झालं. मग? सभ्य मार्गानेही काम होतंच की.

खाडीपलीकडची

तिरंगा खांद्यावर असतानाच 28 मे ला त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलं, दोन दिवसांनी पदकं गंगेत सोडायला ते हरिद्वारला गेले होते. गुन्हा नोंदवायलाही सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आणि त्यांच्यात ऑलिंपिक पदकवाले होते, म्हणून कॅमेरे तिथे होते. खालच्या वाडीला कोण विचारतंय? तुम्ही हा मार्ग नको, तो नको म्हणता. जो चालतो असं म्हणता, त्यावर ते कित्येक वर्षं चालतायत.

वाडीतलो

सगळा वाचलंय. अमेरिका झाली, मेक्सिको झाला, आता आमचा पण ऐका.

निवेदनां किती दिली तेचो ढीग माझ्या बापाशीच्या ट्रंकेत असा. सगळ्यांर पोच म्हणान शिक्को पण असा. होडयेत डिझेल भरून जातंव आणि मूठभर पेडवे घेवन येतंव. तुमका रात्रीचे दिवे किनाऱ्यावरसून बरे दिसतत, आमका ते आमच्या जाळ्यावर दिसतत.

तेना गुडघो टेकलो ता आमका पण म्हायत नव्हता. आमचा ठरला होता फक्त फितींचा. रात्री माझ्या म्हाताऱ्यान तेका लय झाडल्यान, म्हणालो, राष्ट्रगीत आपला असा, तेच्यात रुसाचा नाय. तो पोरगो काय बोल्लो म्हायत हा? "आपला असा म्हणानच तेच्यासमोर बसलंय, दुसऱ्याचा असता तर बसलंय नसतंय." म्हाताऱ्यान तेका जेवूक वाढल्यान, पण बोल्लो नाय काय.

कंपनीत तेका आता राखीव बसवल्यानी हा. आणि बंदी आमच्या सगळ्यांका कित्याक? फिती लावच्या नाय असा खय लिवलेला?

निवृत्त नौसैनिक

फितींना माझी हरकत नाही. कधीच नव्हती. ठरावात संपूर्ण संघ आहे हे मला आज कळलं. मुलाबद्दलचं मत तेच आहे. एकट्या त्याला समज द्या, बाकीच्यांना खेळवा.

माडबनातला अण्णा

संपूर्ण संघ लिहिलं ते सोपं पडलं म्हणून. नाव लिहायला कोणी तयार नव्हतं.

गुडघ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण नियम नसताना शिक्षा दिली हे वकीलताईंनी पकडलंय आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी चारला समाजमंदिरात कमिटीची बैठक लावलीय. पंचांना निरोप गेलाय. काका, तुम्ही या, तुमचं ऐकतात लोक. वाडीतल्या भावा, म्हाताऱ्याला आण आणि येताना ती ट्रंकही आण. सगळे कागद काढून बघू, आम्ही शिक्का मारलेले त्यात किती आहेत ते मलाही बघायचंय.

वकीलताई, कलम 3 ची झेरॉक्स पाठवाल का?

वकीलताई, कुडाळ

पाठवते. सोबत 1986 चा निकालही. छत्तीस जणांना पुरेल इतक्या प्रती काढू नका, कोणी वाचत नाही. चार काढा.